टायरआधी रेशोचा हिशेब

भावा, 29 इंची टायर काढून 33 इंची टाकायची हौस मला कळते. पण पैसे मोजण्याआधी गणित मांड. 33 भागिले 29, म्हणजे चाक जवळपास 14 टक्क्यांनी मोठं झालं. क्राउन-पिनियनचा, म्हणजे एक्सलमधल्या गिअरजोडीचा, रेशो 4.10 असेल (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे 4.10 फेरे; आकडा मोठा तेवढी ओढ जास्त), तर पहिल्यासारखी ओढ यायला 4.67 च्या आसपास लागतो. 4.56 आणि 4.88 यांत निवडायची वेळ आली तर मी डोळे झाकून 4.88 घेईन. हायवेला इंजिन थोडं जास्त फिरेल, फिरू दे. आपल्या काळ्या रानात पाऊस पडला की माती टायर आणि मडगार्डच्या मधे थापल्यासारखी बसते, चाक जड होतं आणि अर्धा क्लच दाबून गाडी काढावी लागते. गेवराई तालुक्यात गोदाकाठी माझी एक क्लच प्लेट अशीच जळाली. तो वास अजून नाकात आहे.

फोर बाय फोर असेल तर पुढचा-मागचा रेशो एकच हवा, नाहीतर कडक रस्त्यावर ट्रान्सफर केसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सचा, जीव जाईल. पिनियनचा प्ले (दातांमधली मोकळीक) जाणत्या मिस्त्रीकडूनच बसवून घे. आणि लक्षात ठेव, रेशो तोच ठेवून नुसते टायर बदललेस तर काटा 60 दाखवेल तेव्हा गाडी 68 ला पळत असेल. स्टेपनीही त्याच मापाची घे.