स्वीट कॉर्नचे तुरे उपटले तर कणसं मोठी होतात का?

नाही. आणि कोणी उपटायला येत असेल तर त्याला झाडांजवळ फिरकू देऊ नका.

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. कुंपणालगत एका ओळीत आठ झाडं आहेत, तुरे दिसायला लागलेत, ओळखीचे एक जण म्हणतात काढून टाका. आणि दुसरं, आता खत कोणतं नि किती द्यावं. खताचं शेवटी बघू. तुऱ्यांबद्दल आधी बोलू द्या (तुरा म्हणजे शेंड्यावरचं नर फूल, मक्याचा पराग त्यातूनच पडतो), कारण या विषयावरून आमच्या घरात सहा वर्षं धुसफूस चालू आहे.

त्या वर्षी मी चौकोनी वाफ्यात पाच-पाचच्या चार ओळी टोकल्या होत्या. वीसपैकी अठरा झाडं माझ्या डोक्याच्या वर गेली, दोन बुटकी राहिली. नेमके तुरे बाहेर पडायला लागले आणि मला चार दिवस बाहेरगावी जावं लागलं. पाणी घालायचं काम मोठ्या दिरांनी आपणहून अंगावर घेतलं. परत आले तर वाफ्याच्या कडेला अठरा तुऱ्यांची जुडी. व्यवस्थित बांधलेली! "झाडाची ताकद वर वाया जात होती, आता सगळी कणसात उतरेल," भाऊजी म्हणाले. त्यांनी कधीतरी संकरित बियाण्याच्या शेतात तुरे खुडताना पाहिलं होतं. खुडतात, खरंय. पण तिथे फक्त मादी ओळींचे, म्हणजे ज्यांच्या कणसांतून बी घ्यायचं त्यांचेच खुडतात, म्हणजे त्या कणसांवर शेजारच्या नर ओळींचाच पराग पडतो. नर ओळी तुऱ्यासकट उभ्याच असतात. भाऊजींनी अर्धंच शेत पाहिलं असावं. मोठे दीर, मी काय बोलणार? "बरं" म्हटलं आणि हातपाय धुवायला गेले.

कणसाचा एक केस म्हणजे एक दाणा. ज्या केसावर पराग पडला नाही, त्याच्या बुडाशी दाणा धरत नाही, मग तुम्ही खत घाला नाहीतर अमृत शिंपडा. पराग न मिळालेले केस सुकत नाहीत, वाढत राहतात. आमच्याकडे प्रत्येक कणसावर हातभर झुपके लोंबायला लागले आणि भाऊजी ते कौतुकाने येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे, "बघा, कसला जोम आहे!" मला तेव्हाच कळलं होतं काय होणार ते. सोलल्यावर एकेक बोळकं निघालं. काहींत एकही दाणा नाही, काहींत पाच, एकात अकरा. तेही त्या दोन बुटक्या झाडांच्या आसपासच्या कणसांत, कारण खुडणी झाली तेव्हा त्यांचे तुरे अजून पोंग्यात, शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत होते, म्हणून वाचले. घरात निकाल लागला: बियाणं भिकार.

बियाणं भिकार म्हटल्यावर मात्र मला राहवेना. पाकिटात उरलेलं तेच बी मी पुढच्या हंगामात त्याच वाफ्यात टोकलं. मुद्दाम. दोन कणसांवर केस बाहेर यायच्या आधीच कागदी पिशव्या चढवून बांधल्या, बाकीची उघडी. तुऱ्यांना कोणाला हात लावू दिला नाही. उघड्या कणसांत दाणे टच्च भरले. पिशवीतल्या दोन्ही कणसांत दाण्यांविना नुसती बिट्टी, पांढरीशुभ्र. ताटात शेजारी शेजारी ठेवून भाऊजींसमोर नेली. त्यांनी चष्मा लावला, नीट फिरवून पाहिली आणि म्हणाले, "पिशवीत उकाडा झाला असेल."

असो. तुमची अडचण वेगळी आहे आणि ती तुरे ठेवूनही पूर्ण सुटणार नाही. मक्याचा पराग वाऱ्याने पडतो, आणि एका ओळीत लावलं की बराचसा ओळीबाहेरच उडून जातो. कुंपणाला शोभा येते, कणसं मात्र दात पडल्यासारखी निघतात. पुढच्या वेळी तीच झाडं चार ओळींच्या चौकोनात लावा, दोन झाडांत वीतभर आणि दोन ओळींत दोन फूट. या वेळी हाताने करा. सकाळी दव सुकलं की तुरा हलवून बघा, पिवळी धूळ उडायला लागली म्हणजे वेळ झाली. कागदावर किंवा ताटलीत तुरे झटका आणि ती धूळ लगेच केसांवर भुरभुरा. लगेच म्हणजे लगेच, उन्हात तो पराग काही तासांत मरतो. एका दिवसात भागत नाही, चार-पाच दिवस करावं लागतं, कारण बुडाकडच्या दाण्यांचे केस आधी बाहेर येतात आणि शेंड्याकडचे सगळ्यात शेवटी. साधलं की नाही हे बघायचं असेल तर काही दिवसांनी एखादं कणीस तोडून, पानं हळूच सोडवून झटका. केस गळून पडले तर फळलं, चिकटून राहिले तर त्या दाण्याचं काही खरं नाही.

खत. मक्याला नत्र लागतं, पण ते रोपं गुडघ्याएवढी असताना आणि मग तुरा यायच्या जरा आधी. आता थोडं दिलंत तर बिघडणार नाही, पण रिकामी जागा त्याने भरणार नाही. त्यापेक्षा पाणी सांभाळा. केस फुटल्यापासून दाणा भरेपर्यंत जमीन सुकली तर सगळी मेहनत पाण्यात, म्हणजे पाण्याविना.

जवळपास कोणी साधा मका किंवा लाह्यांचा मका लावला असेल आणि तोही याच सुमारास तुऱ्यावर असेल, तर तुमचे दाणे याच वर्षी पिठूळ होतील. त्यावर आता उपाय नाही, पुढच्या वेळी पेरणीत दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवा. बुंध्याजवळ फुटवे आले असतील तर राहू द्या, ते खुडूनही काही मिळत नाही. आणि केस फुटल्यापासून साधारण वीस दिवसांनी रोज नखाने एखादा दाणा टोचून बघत जा. पाणी आलं तर थांबा, दूध आलं तर त्याच दिवशी तोडा.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर कोणीतरी खाली येऊन सांगेलच. दाट लावलेल्या मोठ्या शेतात काही झाडांचे तुरे काढले तर उरलेल्यांच्या परागावर भागतं, पानांना ऊन जास्त मिळतं आणि उत्पन्न थोडं वाढल्याचंही दिसलेलं आहे. म्हणजे ताकद वाचते हे भाऊजींचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. पण त्यात पराग देणारी पुरेशी झाडं मागे ठेवावी लागतात. विसातले अठरा उपटून नाही, भाऊजी.