पैलवानाचं घड्याळ आणि गोळीचं घड्याळ

सांगलीत पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या, रुग्णांसाठी आम्ही छोटी व्यायामशाळा चालवतो. ती बघून जाणारे आणि न बघताच फोन करणारे तेच ते प्रश्न विचारतात. यंदा पुन्हा आले, म्हणून एकदाच सगळ्यांना उत्तरं.

प्रश्न : वडिलांना पार्किन्सन असल्याचं तीन महिन्यांपूर्वी कळलं. उजवा हात थोडा कापतो, बाकी चालतात-फिरतात. त्रास वाढल्यावर व्यायाम सुरू केला तर चालेल ना? (तासगाव)

नाही. चालता-फिरता येतंय तोवरच सुरू करायचा. हृदय, रक्तदाब, गुडघे डॉक्टरांकडून बघून घ्या आणि याच आठवड्यात फिजिओथेरपिस्टकडे जा. तीन महिने गेलेच आहेत.

प्रश्न : आमच्या हॉलमध्ये दुसरी बॅच महिलांची असते. त्या म्हणतात, कंप असलेल्यांच्या चटया वेगळ्या ठेवा. आजार लागतो का? (विश्रामबाग)

लागत नाही. चटया पुसून ठेवा, घाम सगळ्यांनाच येतो.

प्रश्न : गावातल्या जुन्या तालमीची जागा मिळाली आहे, वस्तादही मदतीला तयार आहेत. पहाटे साडेपाचला वर्ग भरवायचा आणि सुटताना सगळ्यांना दूध-केळी द्यायची असं ठरलंय. एकजण प्रोटीन पावडर निम्म्या भावात देतोय. सुरुवात कशी करावी? (पलूस)

वेळ बदलून करा. आपल्याकडे व्यायाम म्हटला की पहाट आणि खुराक, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की कुणाला शंकाही येत नाही. वीस वर्षांच्या पैलवानाला ते शोभतं. तुमच्याकडे येणार आहेत त्यांच्या मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचाल सुरळीत ठेवणारं रसायन, तयार करणाऱ्या पेशी कमी होत चालल्या आहेत आणि बहुतेकांची भिस्त लेव्होडोपाच्या गोळीवर आहे, मेंदूत गेल्यावर तिचंच डोपामिन होतं. साध्या गोळीचा अंमल काही तासांत ओसरतो. रात्री नऊला घेतलेली गोळी पहाटे साडेपाचपर्यंत कुठली पुरायला? त्या वेळी माणूस ताठरलेला असतो, पाऊल उचलत नाही, आणि त्यालाच तुम्ही बैठका मारायला सांगणार.

आम्हीही पहिले दोन महिने पहाटेच भरवत होतो. एक निवृत्त शिक्षक चटईवरून उठताना कोसळले, मनगट मोडलं. चूक माझी होती. गोळी किती वाजता घेतली, हे मी विचारलंच नव्हतं. आता दारातच पहिला प्रश्न तो असतो. वर्ग साडेदहाला भरतो. गोळी घेतल्यावर साधारण अर्ध्या ते एका तासात अंग मोकळं होतं, पण प्रत्येकाचं गणित वेगळं. म्हणून प्रत्येकाच्या गोळीची वेळ वहीत लिहिलेली असते. वर्ग चालू असताना कुणाचा गजर वाजला तर सगळे थांबतात, त्याची गोळी होते, मग पुढची मोजणी. व्यायामाआधी झोपवून आणि मग उभं करून रक्तदाब बघतो. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा वीसने उतरला तर त्या दिवशी उभ्याने व्यायाम नाही, आणि डॉक्टरांना कळवायचं.

आता दूध. प्रथिनं पचून जे घटक तयार होतात ते आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत ज्या दारांनी जातात, त्याच दारांनी लेव्होडोपाही जाते. दारात गर्दी झाली की गोळी बाहेर ताटकळते. मग घरचे म्हणतात, 'गोळी लागूच पडत नाही,' आणि परस्पर डोस वाढवतात. गोळी साधारणपणे जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने घ्यायची, तीही पाण्याबरोबर. याचा अर्थ दूध, डाळ, अंडी बंद करा असा मुळीच नाही, वजन उतरलेला रुग्ण आणखी खंगेल. कधी आणि किती खायचं ते डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ बसवून देतील. पावडरवाल्याला मात्र चहा पाजून वाटेला लावा. आणि वस्तादांना जरूर ठेवा. त्यांच्याइतकं खणखणीत आकडे मोजणारं दुसरं कोण मिळणार?

प्रश्न : कंप घालवणारं थरथरतं यंत्र घ्यावं का? कंपनीचा माणूस हप्ते करून देतो म्हणतो. (विटा)

कंप घालवणारं यंत्र म्हणून कुणी विकत असेल तर घेऊ नका. हातांच्या, बिनचाकांच्या भक्कम खुर्च्या घ्या, भिंतीला कठडा बसवा, फरशीवर रंगीत चिकटपट्टी मारा. उरलेल्या पैशात एक मदतनीस ठेवा, पडणाऱ्याला यंत्र धरत नाही.

प्रश्न : सासूबाई जिना चढतात, पण स्वयंपाकघराच्या दारात पाय जमिनीला चिकटतात. ओढलं की पडायला होतात. मुद्दाम करतात का? (मिरज)

मुद्दाम करत नाहीत. आपोआप होणारी चाल बिघडलेली असते, पण पायरीसारखी डोळ्यांना दिसणारी खूण मिळाली की मेंदू दुसऱ्या वाटेने काम भागवतो. दारात पाय अडणं तर नेहमीचंच. म्हणून दाराच्या अलीकडे-पलीकडे एकेका पावलावर आडव्या पट्ट्या चिकटवा. पाय अडला की ओढू नका, मागून ढकलू तर नकाच. थांबू द्या, भार या पायावरून त्या पायावर घेऊ द्या, 'एक, दोन' म्हणा आणि पट्टी ओलांडायला सांगा. वळताना जागच्या जागी गिरकी नको, मोठा वळसा. आमच्याकडे कधी कधी हलगी वाजवतात, ठेका सुरू झाला की तीच पावलं चालू लागतात. तरीही पडण्याचं प्रमाण वाढत असेल तर पट्ट्यांवर विसंबू नका, न्यूरॉलॉजिस्टना दाखवा.

प्रश्न : खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण घेतलं तर गोळ्या सुटतात, असं बाजारात ऐकलं. (इस्लामपूर)

बाजारात हळदीचा भाव ऐकावा, औषध नव्हे. त्या बियांत लेव्होडोपा असते हे खरं, म्हणून तर धोका. चिमटीत किती गेली ते कळत नाही. गोळीच्या जोडीला घेतली की मळमळ, रक्तदाब उतरणं, अंगाच्या नको त्या हालचाली. आणि गोळी अचानक बंद केली तर ताप, पराकोटीचा ताठरपणा, थेट दवाखाना. घेत असाल तर आजच डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

प्रश्न : आईला ऍसिडिटीची गोळी दुकानातून आणून देतो. चालेल? (जत)

पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा. काही जोडगोळ्यांत, म्हणजे एकाच गोळीत दोन औषधं असतात त्यांत, लेव्होसल्पिराइड असतं, ते पार्किन्सनची लक्षणं वाढवतं. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइडही तसंच.

प्रश्न : बॉक्सिंग केलं तर चालतं का? (सांगली)

पिशवीवर, हो. माणसावर नाही. आणि आधी डॉक्टरांची चिठ्ठी.