मॅक्रोफेजचे सापळे शोधताना

मॅक्रोफेज (जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) यांचे सापळे, म्हणजे त्यांनी बाहेर फेकलेली डीएनएची जाळी, शोधायची असेल तर सुरुवात न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या रक्तपेशींच्या सापळ्यांपासून कर. त्यांचं वर्णन २००४ साली झालं आणि मॅक्रोफेजच्या सापळ्यांबद्दलचा बराचसा विचार तिथूनच आलाय. मुद्दा तोच: पेशी आपला डीएनए हिस्टोनसकट (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांसकट) बाहेर फेकते, जंतू अडकतात, पण आसपासची ऊतीही भाजून निघते.

लठ्ठपणात मरणाऱ्या मेदपेशीभोवती मॅक्रोफेज कडं करून बसतात, म्हणून तिथे हे सापळे शोधायचा मोह होतो. खरी गोची इथेच आहे. मेलेल्या पेशीचा सांडलेला डीएनए आणि सापळा, दोन्ही डीएनए-रंगात सारखेच चमकतात! त्यामुळे नुसत्या रंगावर विसंबू नकोस. सिट्रुलिनेटेड हिस्टोन एच-३ (सापळा बनताना रासायनिक बदल झालेला हिस्टोन) आणि मॅक्रोफेजची खूण (उंदरात एफ४/८०, माणसात सीडी६८) एकाच जागी दिसायला हवी. शिवाय न्यूट्रोफिल इलास्टेजही (न्यूट्रोफिलचं एन्झाइम) तपास. मॅक्रोफेज न्यूट्रोफिलचे सापळे गिळतात, तेव्हा फसगत ठरलेलीच. डीएनेजचा (डीएनए तोडणाऱ्या एन्झाइमचा) कंट्रोल तर हवाच.

आणि एक, 'सापळ्यांमुळे इन्सुलिन-रोध होतो' (म्हणजे पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत) असं एवढ्यात लिहू नकोस. दाह आधी की सापळे आधी, हे एका वेळच्या चित्रातून कळत नाही.