स्फोटकांनी बिल्डिंगा पाडायला अमेरिकेत यायचंय? आधी हे वाचा

भाऊ, तुम्ही लिहिलंय की माइनिंग करून सध्या चंद्रपूरकडे खाणीत ब्लास्टिंगवर आहात आणि आता अमेरिकेत येऊन बिल्डिंगा पाडायच्या लाइनमध्ये घुसायचंय. व्हिसा, फी, फॉर्म सगळं वेबसाइटवर आहे, ते मी परत टाइप करत बसत नाही.

मला यायच्या आधी कोणीच बोललं नव्हतं ते सांगतो. इथे ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी माणसाला स्फोटकं ताब्यात घ्यायलाच बंदी आहे, २००२ च्या सेफ एक्सप्लोझिव्ह्ज ॲक्टपासून. अपवाद आहेत, पण ते परदेशी पोलीस अधिकारी, नाटोचे सैनिक असल्यांना, माझ्यासारखा एच-वन-बी वाला, म्हणजे नोकरीच्या व्हिसावरचा साधा नोकरदार, त्यात बसत नाही. म्हणजे तुम्ही तिकडे रोज जे हाताळता त्याला इथे बोटही लावायचं नाही. मी सिव्हिलवाला, कुठल्या मजल्याचे कॉलम उडवायचे, कुठल्या भिंती आधीच काढायच्या, कुठल्या कॉलमला किती मिलिसेकंदांचा डिले (उशिरा स्फोट) दिला म्हणजे बिल्डिंग हव्या त्या बाजूला बसेल, हे सगळं मी काढतो आणि भोकांत स्फोटकांचे चार्ज भरायची वेळ आली की मी दोरीच्या बाहेर. ग्रीन कार्ड घ्या म्हणाल तर भारतात जन्मलेल्यांची वर्षानुवर्षांची रांग माहितीच असेल. मी अजून त्यातच आहे.

२८ ऑगस्ट २०२२ ला नोएडाचे ट्विन टॉवर पडले ना, ३७०० किलो स्फोटकं, जवळपास १०० मीटर उंची, ते मी इथे पहाटे उठून लाइव्ह बघितलं. काम मुंबईच्या एडिफिसचं, सोबत जोहान्सबर्गची जेट डिमॉलिशन, आणि बटण दाबणारा आपलाच माणूस. आनंद झाला म्हणू की पोटात दुखलं म्हणू, दोन्ही झालं. नंतर महिनाभराने पुण्यात चांदणी चौकातला पूल ६०० किलो लावूनही पूर्ण पडला नाही, पोकलेन लावावे लागले, लोकांनी मीम काढले. मला काही हसू आलं नाही, जुन्या काँक्रीटच्या पोटात किती लोखंड आहे हे बाहेरून कोणाला दिसतं?

आणि रोज स्फोट होतात असंही समजू नका, इथेही बहुतेक बिल्डिंगा पोकलेननेच पडतात.

पोरं आणणार असाल तर एक ऐका. शाळेच्या फॉर्मवर 'घरी कुठली भाषा बोलता' असं विचारतात, आम्ही मराठी लिहिलं. झालं, पोराची इंग्रजीची टेस्ट, आणि मग रोज गणिताच्या तासातून उठवून इंग्रजी न येणाऱ्यांच्यात बसवायचे, पुण्यात इंग्लिश मीडियमला होता तो! मेल केले, भेटलो, उत्तर एकच, वर्षाच्या शेवटी परत टेस्ट होईल तेव्हा बघू. धाकटीच्या वेळी बायकोने सरळ इंग्रजी लिहिलं. काही त्रास झाला नाही, आणि ते मला जास्त लागलं. मोठा आता नववीत आहे, त्यामुळे परत का येत नाही हे कृपया विचारू नका, ते आमच्या घरात दर दिवाळीला होतं.

एकटेपणाचं विचारलंय. होते सवय, सोडा.

तुमचा हात ब्लास्टिंगला बसलेला असेल तर मी म्हणेन अजून थोडी वर्षं तिकडेच कामं करा, एडिफिससारख्यांकडे प्रयत्न करा. तरी यायचंच असेल तर डिझाइन किंवा कंपनं मोजायच्या कामाला या, आणि ग्रीन कार्डचा अर्ज कधी टाकणार हे कंपनीकडून ऑफर लेटरमध्येच लिहून घ्या. मला नुसतं फोनवर सांगितलं होतं.