पश्चात्ताप होत नसेल, तर कैद्याला समुपदेशनाचा उपयोग होतो का?

मारहाणीच्या गुन्ह्यात शिक्षा भोगणारा आपला धाकटा भाऊ गटसत्रांना नियमित जातो, पण ‘चुकलो’ असे एकदाही म्हणत नाही. मग या उपचाराला अर्थ आहे का आणि तो सुटून आल्यावर घरच्यांनी कसे वागावे, असे आपण विचारले आहे. मी नऊ वर्षे कारागृहात अशी सत्रे घेतली आहेत आणि याच मुद्द्यावर माझा माझ्या वरिष्ठांशी झालेला वाद माझ्या मनात अजून मिटलेला नाही.

आमच्या एका गटात दोन बंदी होते. एक जण पहिल्या दिवसापासून रडत असे आणि जखमी माणसाच्या आईविषयी बोलताना त्याचा कंठ दाटून येई. दुसऱ्याने भांडणात शेजाऱ्याचा हात कायमचा अधू केला होता आणि ‘सुरुवात त्यानेच केली’ हे वाक्य तो शेवटपर्यंत सोडत नव्हता. मात्र घडलेला प्रसंग, त्या वेळी मनात आलेला विचार, अंगाची झालेली अवस्था, केलेली कृती आणि करता आली असती अशी दुसरी कृती, हा पाच रकान्यांचा तक्ता तो दर आठवड्याला अडखळत्या अक्षरात भरून आणी. अकराव्या आठवड्यात त्याने लिहिले की पाण्याच्या रांगेत एकाने त्याची बादली लाथाडली, ‘सगळ्यांसमोर माझी किंमत गेली’ असे मनात आले, कानशिले तापली आणि तो बादली उचलून रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. पाचव्या रकान्यात तीनच शब्द होते: ‘मारता आले असते.’ तोवर मारणे नेहमी चौथ्या रकान्यात असे. ते शब्द वाचून मला झालेला आनंद मी आजही विसरलेलो नाही.

वरिष्ठांनी रडणाऱ्याच्या अहवालात ‘उत्तम प्रगती’ लिहिले आणि याच्या अहवालात ‘पश्चात्तापाचा अभाव’. मुदतपूर्व सुटकेचा विचार झाला तेव्हा तोच शेरा त्याला आडवा आला. मी वेगळे टिपण दिले होते, पण ते अहवालाला जोडले गेले नाही, आणि ते न जोडताच मी सही केली, ही माझी चूक होती.

दोन माणसांवरून काहीच सिद्ध होत नाही, म्हणून मोठ्या अभ्यासांकडे पाहावे लागते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मार्टिन्सन यांच्या 1974 च्या लेखामुळे ‘पुनर्वसनाने काहीच साधत नाही’ हे मत रूढ झाले. 1979 मध्ये त्यांनी स्वतःच ते बरेचसे मागे घेतले, पण पहिला लेख लोकांच्या अधिक लक्षात राहिला. पुढे संशोधक लिप्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या उपचारपद्धतीचे 58 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण सरासरी 25 टक्क्यांनी घटलेले दिसले. राग आवरण्याचा आणि माणसांमाणसांतले तंटे सोडवण्याचा सराव असलेल्या कार्यक्रमांत परिणाम मोठा होता, तर पीडितावर काय गुदरले यावर भर देणाऱ्या भागाशी तो उलट कमी आढळला. माझ्या मते अश्रू हे प्रगतीचे माप नव्हे आणि ज्यांनी ते माप ठरवले त्यांनी चूक केली.

म्हणून भाऊ घरी आल्यावर पहिल्याच दिवशी त्याच्याकडून माफीची कबुली मागू नका. कामधंदा, दारू आणि जुनी संगत या तीन बाबींकडे लक्ष ठेवा, कारण घसरण बहुधा तिथूनच सुरू होते. ज्याला मारले तो घरातलाच असेल, तर मात्र हा सल्ला लागू नाही. तिथे आधी त्या माणसाची सुरक्षितता. शिवाय प्रत्येक उपचार गुणकारी असतोच असे नाही: इंग्लंड आणि वेल्समधील लैंगिक गुन्हेगारांसाठीचा मुख्य कार्यक्रम 2017 मध्ये बंद झाला, कारण तो घेतलेल्यांपैकी 10 टक्के, तर न घेतलेल्या तशाच कैद्यांपैकी 8 टक्के पुन्हा लैंगिक गुन्ह्यात सापडले होते.

भावाच्या अहवालात ‘पश्चात्तापाचा अभाव’ हा शेरा आला, तर लिहिणाऱ्याने त्याचे तक्ते वाचले होते का, हे आपण लेखी विचारावे.