मराठवाड्यातले शेतकरी हवामान बदल मानतात का, आणि त्यासाठी काही करायला तयार होतील का?

मानतात. एवढंच उत्तर हवं असेल तर इथं थांबलात तरी चालेल. पुढचं लिहितोय ते आमच्या अण्णांच्या नावापुढं कुणीतरी 'माहिती नाही' असं टिपून नेलं म्हणून.

ऑक्टोबर २०२१. गाव लातूर जिल्ह्यातलं, मांजरा नदीपासून फार लांब नाही. सप्टेंबरअखेर गुलाब चक्रीवादळाचा पाऊस झाला, मांजरेला पूर आला आणि काढणीला आलेलं चार एकर सोयाबीन पाण्यात गेलं. हाती लागलं तेवढं अंगणात ताडपत्रीवर पसरलेलं, शेंगांना कोंब फुटलेले, सगळीकडं कुबट वास. त्यात एक मुलगी टॅबलेट घेऊन सर्व्हेला आली. वीस-बावीसची असेल. आईनं आधी पाणी दिलं, मग चहा ठेवला.

"काका, ग्लोबल वॉर्मिंग किंवा हवामान बदल याविषयी ऐकलंय का तुम्ही?"

"न्हाई बाई. ते काय असतंय?"

तिनं 'नाही'वर बोट ठेवलं आणि पुढचे सात-आठ प्रश्न गळून पडले. ज्यानं ऐकलंच नाही त्याला 'काळजी वाटते का' हे कोण विचारणार? पाच मिनिटांत सर्व्हे संपला.

अण्णांचं बोलणं मात्र संपलं नव्हतं. चहा पिता पिता ते तिला सांगायला लागले. मिरगात पेरणी व्हायची. मूग-उडीद पोळ्याच्या आसपास घरात यायचे आणि सणाचा खर्च त्यातून भागायचा. आता जून कोरडा जातो, पेरणी जुलैत ढकलली की मुगा-उडदाची वेळ गेली, म्हणून सगळं रान सोयाबीनखाली. मग ऐन शेंगा भरताना तीन-तीन आठवड्यांचा खंड पडतो. आणि जो हत्तीचा, म्हणजे हस्त नक्षत्राचा पाऊस आम्हाला रब्बी ज्वारीसाठी हवाहवासा असायचा, तो सोयाबीनच्या गंजीवर पडतो. "पाऊस कमी झालाय असं न्हाई बाई," अण्णा म्हणाले, "त्याचं येळापत्रक गेलंय." मग २०१४ची गारपीट निघाली. हरभरा-ज्वारी काढायच्या दिवसांत गारा, बांधाच्या सावलीला दुसऱ्या दिवशीही ढीग होते. "माझ्या बापानंबी असलं बघितलं नव्हतं." मग २०१६, मिरजेहून लातूरला रेल्वेनं आलेलं पाणी.

मुलगी मन लावून ऐकत होती. उठताना म्हणाली, "काका, हे लिहायला यात जागाच नाही." तिची काही चूक नव्हती, प्रश्न तिनं काढले नव्हते.

दिवाळीला पुण्याहून मोठा भाऊ आला तेव्हा हे सांगितलं. तो म्हणाला, बरोबरच आहे, गावाकडं जाणीव नाही, लोकांना फक्त अनुदान कळतं. त्या दिवसापासून आमचा हा वाद चालू आहे.

दादा चुकतोय, आणि हे मी फक्त अण्णांवरून म्हणत नाही. येल विद्यापीठ आणि सी-व्होटर यांनी २०२१-२२ मध्ये देशभर फोनवरून पाहणी केली. ग्लोबल वॉर्मिंगबद्दल जेमतेम माहिती आहे किंवा कधी ऐकलंच नाही, असं ५४ टक्के लोक म्हणाले. मग ते म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितलं तेव्हा ८४ टक्के म्हणाले की हो, हे घडतंय. माहीत नव्हता तो शब्द. इतर देशांची वाट न बघता भारतानं आपलं उत्सर्जन लगेच कमी करावं, असं म्हणणारेही ५५ टक्के निघाले. २०२४ मध्ये १२५ देशांतल्या जवळपास १ लाख ३० हजार लोकांचा एक अभ्यास आला. हवामानासाठी उत्पन्नातला एक टक्का द्यायला ६९ टक्के तयार होते, पण आपल्याकडे असे तयार लोक किती असतील याचा त्यांचा अंदाज मात्र ४३ टक्क्यांच्या आसपास होता. दादाचं नेमकं हेच आहे. आपल्याला कळतं, बाकीच्यांना नाही, असं धरून चालायचं.

आता करायला तयार आहेत का? ज्यातून शेत वाचतं ते लोक करतात. पोकरा या सरकारी शेती प्रकल्पातून आमच्या भागात बीबीएफनं, म्हणजे रुंद वरंबा-सरी पद्धतीनं सोयाबीन पेरणारे वाढले, कारण खंडात ओल टिकते आणि जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं. सौर पंपासाठी लोक अर्ज घेऊन धावतात. दादा म्हणतो ते अनुदानासाठी. अरे, पाळीनं रात्रीची लाइट येते तेव्हा साठीतला माणूस बॅटरी घेऊन साप-विंचवातून पाणी द्यायला जातो. त्याला दिवसा पाणी देता आलं आणि तेवढा कोळसा वाचला, तर त्याचा हेतू कशाला तपासायचा? कोळशाचं काय होतं तेही आम्ही पाहिलंय: २०१३ च्या दुष्काळात परळीचं कोळशावरचं वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. दादाच्या सोसायटीच्या छतावरच्या पॅनेललाही अनुदान मिळालंच की. तिथं ती जाणीव ठरते.

भरपूर पाणी पिणारा ऊस सोडायचा विषय निघाला की मात्र पाठिंबा संपतो, हे कबूल करायला हवं. आमचाही एकरभर आहे. तो पावसात कुजत नाही, गारपिटीतून बऱ्यापैकी सावरतो आणि त्याला एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा ठरलेला किमान दर आहे. सोयाबीनला हमीभाव कागदावर असतो. भावाची तेवढी खात्री दुसऱ्या पिकाला मिळेपर्यंत ऊस सोडा म्हणणाऱ्याचं कुणी ऐकणार नाही, आणि बोअर खोल खोल जात राहतील.

हे एका घराचं सांगितलंय, हेही धरा. कोरडवाहू दोन एकरवाला किंवा ऊसतोडीला जाणारा वेगळं बोलेल. आणि त्या दिवशी आईला कुणी काही विचारलं नाही. मीसुद्धा नाही. २०१६ ला टँकरच्या रांगेत रात्री घागरी घेऊन तीच उभी असायची.

तुम्ही प्रश्नावली काढणार असाल तर 'हवामान बदल' हा शब्द शेवटी आणा. आधी विचारा, पेरणी पूर्वी कधी व्हायची, आता कधी होते, कोणतं पीक सोडलं. आणि घरातल्या बाईला वेगळं बसवून विचारा.

दादा, तू हे वाचशीलच. गेल्या वर्षी पंपाचे आपल्या वाट्याचे दहा टक्के भरायला अण्णांनी दावणीची म्हैस विकली. ती बाजाराला नेली त्या दिवशी तुझा फोन आला होता, पण अण्णांनी सांगू दिलं नाही.