मुंबईतच मिळेल ते महाविद्यालय, की बाहेरगावी आवडीची शाखा?

अभियांत्रिकी प्रवेशाच्या दिवसांत पालक मला हमखास विचारतात, की मुंबईत जे मिळेल ते घ्यावे, की हवी ती शाखा मिळत असेल तर मुलांना बाहेरगावी पाठवावे? सर्वांना लागू पडेल असे उत्तर मी देत नाही, मात्र ते कसे शोधावे हे बदलापूरच्या ऋतुजाच्या (नाव बदलले आहे) उदाहरणावरून सांगता येईल.

एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत ऋतुजाचे पर्सेंटाइल नव्वदीच्या पुढे होते. वडिलांनी पसंतीक्रमाची यादी तयारच करून आणली होती आणि तिच्यात मुंबईतील खासगी महाविद्यालयांची संगणक शाखा ओळीने मांडली होती. ‘मुलगी घरी राहील आणि नोकरीचीही चिंता नाही,’ असे त्यांचे म्हणणे होते. ऋतुजा गप्प होती. काय आवडते असे थेट विचारले की मुले आई-वडिलांकडे पाहतात, म्हणून मी तिला एवढेच विचारले, की अलीकडे ती आपणहून कशापाशी थांबली होती. तिने सांगितले की त्यांच्या गल्लीत एका इमारतीचा पुनर्विकास चालू आहे आणि तिथे टाकीतल्या पाण्यात काँक्रीटचे ठोकळे बुडवून ठेवलेले असतात, प्रत्येकावर तारीख लिहिलेली असते. ते 150 मिलिमीटरचे घन असून 7 व्या आणि 28 व्या दिवशी यंत्रात दाबून फोडतात व त्यावरून काँक्रीटची ताकद समजते, हे तिने तिथल्या इंजिनिअरना विचारून घेतले होते. स्थापत्य शाखेचा विषय घरात कधी निघालाच नव्हता. तो त्या दिवशी माझ्यासमोर निघाला.

मग मी तिला वडिलांच्या यादीतील पहिल्या महाविद्यालयाचा एक पूर्ण दिवस कागदावर लिहायला सांगितला. महाविद्यालय अंधेरीचे होते, म्हणजे बदलापूरहून लोकल, दादरला गाडी बदलणे आणि पुढे रिक्षा. जाता-येता चार तास. त्यात प्रात्यक्षिके, जर्नल आणि परतीच्या गाडीची गर्दी धरली, तर रात्री अभ्यासाला जेमतेम तास उरत होता. पहिल्या वर्षी गणित मागे पडणाऱ्या कित्येक मुलांचे दुखणे बुद्धीत नसून या वेळापत्रकात असते, असे माझे ठाम मत आहे.

खर्चाची भीती आईला अधिक होती. हे कुटुंब इतर मागासवर्गातील आणि वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत. 2024-25 पासून राज्यात अशा कुटुंबांतील मुलींना, केंद्रीभूत प्रवेशातून (राज्याच्या एकत्रित, फेऱ्यांनी होणाऱ्या प्रवेश प्रक्रियेतून) व्यावसायिक अभ्यासक्रमाला जागा मिळाल्यास, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. वसतिगृह आणि मेसचा खर्च मात्र या माफीत येत नाही. तेव्हा हिशेब त्याच दोन रकमांचा करायचा होता. जात वैधता आणि नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र वेळेत हाती असणेही तितकेच गरजेचे होते.

यादी नव्याने लिहिताना वडिलांचा आग्रह होता की जिथे नक्की मिळेल ते वर टाकावे. हा गैरसमज फार घरांत दिसतो. गुणवत्तेच्या क्रमाने विद्यार्थ्याचा नंबर लागतो, तेव्हा त्याच्या यादीतील सर्वांत वरची जी जागा उपलब्ध असेल ती त्याला मिळते; अवघड महाविद्यालय वर ठेवल्याने खालच्या महाविद्यालयावरचा हक्क जात नाही. उलट पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की ती जागा आपोआप गोठते आणि पुढच्या फेऱ्यांचा मार्ग बंद होतो. म्हणून यादी आवडीच्या क्रमानेच लागली: माटुंग्याचे व्हीजेटीआय, पुण्याचे सीओईपी, मग कराडचे शासकीय महाविद्यालय आणि सांगलीचे वालचंद, सगळीकडे स्थापत्य. व्हीजेटीआय वर ठेवण्यामागे नावासोबत मध्य रेल्वेचाच प्रवास हेही कारण होते.

आईचा प्रश्न शेवटपर्यंत एकच राहिला: ‘मुलीला एकटीला कसं ठेवायचं?’ ही काळजी बोलून घालवता येत नाही, म्हणून त्यांनी स्वतः कराडला जाऊन यावे असे मी सुचवले आणि प्रश्न लिहून दिले: पहिल्या वर्षाच्या मुलींना वसतिगृह मिळते का, रात्री किती वाजेपर्यंत आत यावे लागते, आजारी पडल्यास कोण पाहते. त्या कोयना एक्सप्रेसने गेल्या, रेक्टरना भेटल्या आणि वरच्या वर्गातील दोन मुलींशी बोलून आल्या. पुढे कराडचीच जागा मिळाली, तेव्हा ती स्वीकारण्याचा निर्णय सर्वांत आधी आईनेच सांगितला.